२६ जानेवारीला जोडून तीन दिवस : सासूबाईंचे गुडघे सांभाळून डोंगरावर कुठे जावं?

चोपडेकर वहिनी

नमस्कार मंडळी. २०२६ ची २६ जानेवारी सोमवारी येतेय आणि त्याच्या आधीचा शनिवार चौथा. म्हणजे आम्हा बँकवाल्यांना सलग तीन दिवस सुट्टी. ह्यांचं कृषी केंद्र आहे, जानेवारीत गिऱ्हाइकी त्यातल्या त्यात कमी असते. मुलगा चौथीत, त्याला झेंडावंदनाला दांडी मारायला लावू. सोबत सासूबाई आणि सासरे. असे पाच जण.

आता खरी गोष्ट. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीवर सावकाश चालतात, पण दहा-बारा पायऱ्या दिसल्या की चेहरा उतरतो, आणि तोंडाने मात्र "मला काही होत नाही, चला तुम्ही." खाली बसलं की उठता येत नाही, त्यामुळे कमोड हवाच. सासरे याच्या अगदी उलट. ठणठणीत, पहाटे पाचला उठून आंघोळ करून तयार, आणि म्हणणं एकच : एवढा पैसा घालून गेलो तर एकही पॉइंट सोडायचा नाही. महाबळेश्वरला याच हट्टापायी एका दिवसात इतके पॉइंट झाले की संध्याकाळी घरातलं कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मला आराम हवाय. सकाळी कोणी उठवू नये, चहा आयता यावा, संध्याकाळी शाल पांघरून गारठ्यात बसावं. तोरणमाळ, सापुतारा, चिखलदरा, पचमढी ही चार नावं घरात फिरताहेत. घरची अर्टिगा आहे आणि ह्यांना चालवायची हौस दांडगी. ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन यातलं काही केलंय त्यांनीच सांगा. "टॉप टेन" याद्या मला पण मिळतात.

शहाद्याहून

वहिनी, घरचं सोडून बाहेर कशाला जाता? तोरणमाळ आपलं आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर चढायचं. साडेतीन हजार फुटांच्या वरचं पठार, पण महाबळेश्वरचा बाजार तिथे नाही. यशवंत तलावाच्या काठाने चालायला चढ-उतार फारसा नाही, सासूबाईंना जमेल. सकाळी तलावावर धुकं असतं तेव्हा नुसतं बसून राहावं.

आता आमच्याच ठिकाणाबद्दल खरं बोलतो. सीताखाईचा धबधबा म्हणून जे फोटो बघितले असतील ते पावसाळ्यातले. जानेवारीत दरी दिसते, पाणी शोधावं लागतं. सातपायरी घाटात वळणांवर वळणं आहेत, ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. वर राहायला खोल्या मोजक्याच, एमटीडीसीच्या आणि वनखात्याच्या, त्यामुळे आधी खोली मिळवा, मग घरात जाहीर करा. वर गेल्यावर हवं ते खायला मिळेलच असं धरून चालू नका. गोळ्या, बिस्किटं, पोराचा खाऊ सगळं शहाद्यातूनच भरून न्या.

आणि महाशिवरात्रीच्या आसपास येऊ नका, तेव्हा गोरखनाथाची यात्रा असते. जानेवारीत तो प्रश्न नाही.

धुयाना पोऱ्या

वहिनी, राम राम. आख्खी दुनिया पचमढी पचमढी करस, पन आपला सापुतारा काय वाईट शे का?

आता शुद्धात बोलतो. तुमच्या घरची देवी सप्तशृंगी असेल (निम्म्या खान्देशची असते) तर गडाचं दर्शन आणि सापुतारा असं जोडून करा. सासूबाईंनी गुडघ्यांपायी गड सोडून दिला असेल तर त्यांना सांगा, २०१८ पासून वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. डब्यात बसायचं, काही मिनिटांत देवीजवळ. माझ्या आजीने चैत्राच्या यात्रेला धुळ्याहून पायी जाऊन गड चढलेला. ट्रॉलीतून उतरल्यावर म्हणे, "हाई काय दर्शन शे का, घाम बी नई उना." पण हसत होती.

सापुताऱ्यात तलाव आहे, बोटी आहेत, रोपवे आहे, सगळं जवळजवळ. पोरगं खूश राहील. वाईट एवढंच की जोडून सुट्टी आली की सुरत आणि नाशिक दोन्हीकडून गाड्या चढतात. हॉटेलवाले त्या दिवशी जो भाव सांगतील तो भाव. आणि गुजरात असल्यामुळे ज्यांना संध्याकाळची "सोय" लागते त्यांची पंचाईत. तुमच्या घरात तो प्रश्न नसावा असं धरतो.

निवृत्त गार्ड, भुसावळ

वहिनी, आमच्या हुद्द्याचं नाव २०२२ मध्ये बदलून ट्रेन मॅनेजर झालं, पण भुसावळात मला अजून गार्डच म्हणतात, तुम्हीही म्हणा.

चारही ठिकाणं चांगली आहेत. पण तुम्ही ठिकाण विचारताय आणि तुमची अडचण आहे गुडघ्यांची. घरात ज्याचे गुडघे सगळ्यात वाईट, त्याच्या हिशोबाने ठिकाण निवडा. तसं बघितलं तर पचमढी. कारण सांगतो.

पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडं वर आहे, पण गाव बशीसारखं आहे. कडेने डोंगर, मधे सपाट. बाजार, तलाव, चर्च हे सगळं सपाटीवर. सासूबाई संध्याकाळी काठी घेऊन बाजारात चक्कर मारून येतील, त्यांना कोणी हात द्यायला नको. डोंगरावरच्या किती गावांत हे जमतं? बहुतेक ठिकाणी हॉटेलमधून बाहेर पडलं की एक तर चढ नाहीतर उतार.

दुसरं, गाडी. अर्टिगा घरी ठेवा. बऱ्हाणपूर, खंडवा, हरदा, इटारसी करत जायला पूर्ण दिवस जातो. चालवणाऱ्याची हौस खंडव्यापर्यंत टिकते, पुढे बाकीच्यांनी त्याची समजूत काढत जायचं. त्यात तिथे पोचून गाडीचा उपयोग कमी. जंगलातले पॉइंट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात, तिथे आपली गाडी चालत नाही. परवाना काढून तिथलीच जिप्सी करावी लागते. मग साडेचारशे किलोमीटर गाडी नेऊन हॉटेलच्या अंगणात धूळ खात उभी करायची?

रेल्वेने जा. भुसावळहून पिपरिया, म्हणजे पचमढीचं जवळचं स्टेशन, साधारण पावणेचारशे किलोमीटर, थेट गाड्या आहेत. मुंबईहून जबलपूरमार्गे प्रयागराज-वाराणसीकडे जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात आणि त्यातल्या बऱ्याच पिपरियालाही. माझी ड्युटी खंडव्यापर्यंतच असायची. थंडीच्या रात्री खंडव्याला उतरलो की त्याच गाडीतून पुढे पचमढीला निघालेली माणसं रजया ओढून झोपलेली दिसायची आणि हेवा वाटायचा. रात्री घरून जेवून बसा, सकाळी उतरा. पण गाडी निवडताना पिपरियाला पोचायची वेळ बघा. रात्री दोन-अडीचला उतरवणारी गाडी कितीही झकास असली तरी तुमच्या कामाची नाही. प्लॅटफॉर्मवर थंडीत बसून सासूबाईंचे गुडघे सहलीच्या आधीच जाम होतील. पहाटेनंतर पोचणारी घ्या. पिपरियाला गरम पोहे-जलेबी खा, मग टॅक्सी. पुढचा रस्ता पन्नास-पंचावन्न किलोमीटर, शेवटी घाट.

तिसरं, तारीख. शनि-रवि-सोम सगळा भोपाळ, जबलपूर आणि नागपूर तिथे असणार. तुम्ही शनिवारी रात्री निघा, रवि-सोम-मंगळ राहा. मंगळवारची एक रजा टाका. सोमवारी दुपारी गर्दी उतरायला लागते आणि मंगळवारी गाव तुमचं.

आता तिकीट. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. २४ जानेवारीचं तिकीट २५ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उघडेल, २७ च्या परतीचं २८ नोव्हेंबरला. पाच जणांचं एकत्र काढू नका. सासू-सासऱ्यांचं वेगळं काढा आणि कोट्याच्या जागी "जनरल" ऐवजी "लोअर बर्थ / ज्येष्ठ नागरिक" निवडा. पुरुष ६० च्या वर, बाई ४५ च्या वर, आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन जण असतील तरच हा कोटा लागतो. पाच जणांच्या तिकिटात हे होत नाही आणि मग म्हातारी माणसं रात्रभर मधल्या बर्थकडे बघत बसतात. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच, पण हा कोटा शाबूत आहे आणि निम्म्या लोकांना माहीतच नाही.

रावेरची ताई

गार्डसाहेबांनी सगळं सांगितलं, पण खोलीबद्दल पुरुष माणसं कधी सांगत नाहीत, ते मी सांगते. मी आई-वडिलांना घेऊन पचमढीला गेले होते.

फोन करून खोली ठरवताना भाडं शेवटी विचारा. आधी विचारा, खोली तळमजल्यावर आहे का, आणि तळमजला म्हणजे नक्की काय. आम्हाला "ग्राउंड फ्लोअरच आहे मॅडम" म्हणून दिलेल्या खोलीला दारापाशीच सात पायऱ्या होत्या. मग विचारा टॅक्सी दारापर्यंत येते की फाटकापर्यंत. कमोड आहे का, आणि त्याच्या बाजूला धरायला काही आहे का. गिझर बाथरूममध्ये आहे की सकाळी ठरलेल्या वेळेत बादली येते. तुमचे सासरे पाचला आंघोळ करतात ना? मग हा प्रश्न पहिला विचारा. रजया माणशी किती देतात हेही विचारून ठेवा. जानेवारीच्या रात्री तिथे एका रजईत भागत नाही. आपल्याकडच्या जानेवारीला जे कपडे लागतात त्यावर आणखी एक थर, आणि कानटोपी सगळ्यांना, पोराने कितीही तोंड वाकडं केलं तरी.

खोलीपुढे व्हरांडा असलेली जागा मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या. एमपी टुरिझमच्या काही जागा जुन्या बंगल्यांत आहेत, तिथे अंगण-व्हरांडा मिळतो. तुम्हाला जे शाल पांघरून बसायचंय ना, ते तिथेच होणार. कुठल्या पॉइंटवर नाही.

जिप्सीचंही ऐका. मागून चढायची पायरी उंच असते. माझ्या आईला दोघांनी उचलून चढवावं लागलं, तिला त्याची लाज वाटली आणि पुढच्या ठिकाणी ती उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि हॉटेलातून प्लास्टिकचं छोटं स्टूल मागून गाडीत ठेवलं. स्टूलवर पाय, मग आत. एवढ्याने दिवस पालटला. गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगा, पुढची सीट आजींची.

खाणं : जेवण मिळतं, पण आपल्या जिभेला अळणी वाटतं. प्रवासाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून न्या. तिखटाची बरणी पर्समध्ये. माझ्या वडिलांनी तिथल्या मटर-पनीरवर आपला ठेचा घालून खाल्लं, वेटर बघत उभा होता.

धुयाना पोऱ्या

ताई, भरीत का नाही नेलं? बामणोदची वांगी जानेवारीतच तर मिळतात.

रावेरची ताई

भाऊ, कांद्याच्या पातीचं भरीत रात्रभर गाडीत ठेवून बघ एकदा, मग आख्खा डबा तुला शोधत येईल.

चोपडेकर वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सप्तशृंगीच्या ट्रॉलीचं ऐकून सासूबाई एकदम सावरून बसल्या, त्यामुळे गड चैत्राच्या आधी वेगळा करणार. एका दिवसात होतो. तोरणमाळ पावसाळ्यानंतर, सीताखाईला पाणी असताना, आम्ही तिघंच.

यावेळी पचमढी. ह्यांचा चेहरा अर्टिगावरून जरा पडलाय, पण पुढच्या दोन सहलींना गाडीच आहे म्हटल्यावर मानले. आता प्रश्न सासऱ्यांचा. त्यांनी कुठूनतरी यादी मिळवलीय : बी फॉल, जटाशंकर, गुप्त महादेव, बडा महादेव, चौरागड, धूपगड, पांडव गुंफा, हांडी खोह, रजत प्रपात, अप्सरा विहार. वर सही करून दिल्यासारखी ती माझ्या हातात ठेवलीय. यातलं सासूबाईंना काय जमेल आणि सासऱ्यांना कसं आवरू?

निवृत्त गार्ड, भुसावळ

आवरू नका. दोन गट करा. एक गाडी, दोन वेळापत्रकं.

सासूबाईंसाठी हांडी खोह आणि प्रियदर्शिनी, दोन्हीकडे गाडीतून उतरून थोडं चाललं की दरी समोर. धूपगड त्यांना नक्की दाखवा. सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, १३५० मीटर, पण गाडी वरपर्यंत जाते. तिथला सूर्यास्त गर्दीत बघावा लागतो, म्हणून सोमवारी संध्याकाळी जा, रविवारी नको. वर वारा बोचरा असतो, मफलर गाडीत विसरू नका.

बडा महादेवाला त्या जाऊ शकतील. गाडीतळापासून थोडं चालायचं, रस्ता बरा आहे. पण गुहेत छतातून सतत पाणी ठिबकतं, फरशी ओली असते आणि पाय अनवाणी. जानेवारीत ते पाणी हाडांत शिरतं. जुना टॉवेल आणि कोरड्या मोज्यांची जोडी पिशवीत ठेवा, बाहेर आल्याबरोबर पाय पुसून मोजे चढवा. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळू देऊ नका, माकडं सरळ हिसकावतात. गुप्त महादेव त्याच वाटेवर आहे, पण ती कपार इतकी अरुंद की आडवं होऊन सरकावं लागतं आणि आत माणसंही मोजकीच मावतात. सासूबाई बाहेरूनच हात जोडतील, देवाला चालतं.

जटाशंकरला खाली उतरायच्या पायऱ्या, बी फॉलला त्याहून जास्त, आणि उतरलेल्या सगळ्या परत चढायच्या. हे दोन्ही बाप-लेक आणि नातवाचं काम. ती मंडळी तिकडे गेली की तुम्ही दोघी सासू-सून व्हरांड्यात. नाहीतर हळूहळू क्राइस्ट चर्च बघून या, १८७५ चं आहे, रंगीत काचा सकाळच्या उन्हात बघण्यासारख्या आहेत. बायसन लॉजचं म्युझियमही थोड्या वेळात होतं. कॅप्टन फोर्सिथने हे पठार इंग्रजांना दाखवलं, त्याचीच ही वास्तू, १८६२ ची.

रजत प्रपात आणि अप्सरा विहार सोडून द्या. तिथेही चालणं आणि उतरणं आहेच, आणि पाण्याची हौस बी फॉलला भागते.

राहता राहिलं चौरागड. हजाराच्या वर पायऱ्या आहेत, त्याआधी डोंगरातली वाट. वर महादेवाला वाहिलेले त्रिशूळ ढिगाने. आपल्याकडची आणि विदर्भातली माणसं महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात. सासरे खरंच ठणठणीत असतील तर मंगळवारी पहाटे तुमच्या ह्यांना सोबत देऊन पाठवा. पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, आणि दुपारच्या आत परत या अशी ताकीद. संध्याकाळची परतीची गाडी आहे हे कारण पुरेसं आहे. पहाटे पाचला उठायची त्यांची सवय एकदाची कामी येईल आणि तुम्हाला कोणी उठवणार नाही.

रविवारी पोचल्यावर मात्र कोणीही कुठेही जायचं नाही. आंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी तलावावर पोराला बोटीत बसवा, बास.

चोपडेकर वहिनी

२५ तारखेला आठ वाजता दोन मोबाइलवर बसलो होतो. सासू-सासऱ्यांना दोन्ही लोअर मिळाले, शेजारशेजारच्या खणात. आम्हाला एक मिडल, एक अप्पर, एक साइड अप्पर. साइड अप्परवर मुलाने आत्ताच हक्क सांगितलाय. परतीचं तिकीट परवा काढते. खोली तळमजल्याची मिळाली, दारापाशी दोन पायऱ्या, फोटो मागवून मोजल्या. गिझर आहे.

चौरागडचं ऐकून सासऱ्यांनी कालपासून गच्चीवर चकरा सुरू केल्यात. ह्यांना सोबत जायचंय म्हटल्यावर आता तेच विचारताहेत, पायऱ्या नक्की किती?

निवृत्त गार्ड, भुसावळ

त्यांना पायऱ्यांचा आकडा सांगू नका. उद्यापासून तुमच्या ह्यांनाही वडिलांबरोबर गच्चीवर पाठवा. आणि परतीला आरएसी आली तर घाबरू नका. चार्ट लागेपर्यंत बऱ्याचदा बर्थ मिळतो, नाहीच मिळाला तरी बसायची जागा पक्की असते.